क्रम महत्त्वाचा की निवड? मतपेटीतून शिकावयाचा गणिताचा एक धडा

१९५२ हे वर्ष बाबासाहेबांच्या चरित्रात दोन निवडणुकांचे वर्ष आहे. त्या वर्षाच्या आरंभी स्वतंत्र भारताच्या पहिल्या लोकसभेसाठी मुंबईत मतदान झाले. मुंबई शहर उत्तर या मतदारसंघात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने उभे असलेले बाबासाहेब पराभूत झाले. काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर यांना १,३८,१३७ मते पडली, बाबासाहेबांना १,२३,५७६. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते मुंबई राज्याच्या विधानसभेतून राज्यसभेवर निवडून गेले.

या दोन निवडणुकांतील मतदार वेगळे होते, हे उघड आहे. एकीकडे सर्वसामान्य जनता, दुसरीकडे आमदार. परंतु आणखी एक भेद होता आणि इतिहासाच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख क्वचितच आढळतो. मत देण्याची आणि मोजण्याची रीतच निराळी होती. लोकसभेच्या त्या मतदारसंघात प्रत्येक मतदाराने दोन उमेदवार निवडावयाचे होते. त्यांतील पहिला कोण आणि दुसरा कोण याला अर्थ नव्हता. राज्यसभेसाठी मात्र आमदाराने उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतीचे क्रम लिहावयाचे होते. तेथे क्रमालाच अर्थ होता.

अकरावीच्या गणितात परम्युटेशन आणि कॉम्बिनेशन या नावांनी जे प्रकरण विद्यार्थ्यांना घाबरवते, ते नेमके याच भेदाचे प्रकरण आहे. मराठीत पहिल्यास क्रमचय आणि दुसऱ्यास समचय म्हणतात. आम्ही येथे त्यांना सोप्या शब्दांत ‘मांडणी’ आणि ‘निवड’ म्हणू. इतिहास शिकवीत असताना या प्रकरणाशी आमची गाठ वारंवार पडली. आपल्या शाळेतून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी भेटल्यावर सांगतात, की सूत्रे पाठ होती, पण कोणते सूत्र कोठे वापरावे हेच कळत नव्हते. त्यांच्यासाठी, आणि आज त्याच वाटेवर असलेल्या त्यांच्या मुलांसाठी, हा धडा आम्ही लिहीत आहोत. उदाहरणे मुद्दाम मतदानाची घेतली आहेत, कारण तेथे चुकीच्या मोजणीची किंमत केवळ दोन गुणांची नसते.

अदलाबदलीची कसोटी

भीमजयंतीच्या तयारीसाठी वर्गातील बारा विद्यार्थ्यांतून तिघांची समिती नेमावयाची आहे. किती प्रकारे नेमता येईल? दुसरा प्रश्न असा, की त्याच बारा जणांतून एक अध्यक्ष, एक सचिव आणि एक खजिनदार नेमावयाचा आहे. तो किती प्रकारे?

दुसऱ्या प्रश्नापासून आरंभ करू. अध्यक्षाच्या जागेसाठी बारा जणांपैकी कोणीही चालेल. अध्यक्ष ठरल्यावर सचिवासाठी अकरा जण उरतात आणि खजिनदारासाठी दहा. म्हणून १२ × ११ × १० = १,३२० प्रकार. आता या १,३२० प्रकारांत एकाच त्रिकुटाची किती वेळा गणना झाली ते पाहू. तिघांपैकी अध्यक्ष कोण हे तीन प्रकारे ठरते, उरलेल्या दोघांतून सचिव दोन प्रकारे, आणि शेवटी एकच उरतो. म्हणजे ३ × २ × १ = ६ वेळा. पदे दिली नसतील तर ही सहाही माणसांची तीच समिती आहे. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर १,३२० ÷ ६ = २२०.

‘निवड’ आणि ‘मांडणी’ यांतील सारा संबंध इतकाच आहे. मांडणी मोजली आणि एकाच गटाच्या निरनिराळ्या मांडण्या जितक्या, तितक्यांनी भागले, की निवडीची संख्या मिळते. ज्या संख्येने भागतो तिला क्रमगुणित म्हणतात.

आता कसोटी. प्रश्न वाचल्यावर एक कोणतेही उत्तर मनात तयार करावे. त्यातील दोन माणसांची किंवा वस्तूंची अदलाबदल करावी आणि स्वतःला विचारावे: काही बदलले काय? अध्यक्ष आणि सचिव यांची अदलाबदल केली तर बदलते; ही मांडणी. समितीतील दोन सदस्यांची जागा बदलली तर काहीच बदलत नाही, ही निवड.

येथे शब्दांपासून सावध राहावे. ‘अध्यक्ष व सचिव निवडा’ या वाक्यात ‘निवडा’ हा शब्द आहे, म्हणून अनेक विद्यार्थी निवडीचे सूत्र लावतात आणि चुकतात. प्रश्नातील क्रियापद फसवू शकते, अदलाबदल फसवीत नाही.

हा भेद आपल्या भूमीला जुना परिचयाचा आहे. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या ‘लीलावती’त सहा रसांचे मिश्रण किती प्रकारे होईल असा प्रश्न आहे. दोन-दोन रसांची मिश्रणे १५ आणि एकापासून सहापर्यंत सर्व मिळून ६३. आमटीत चिंच आधी पडली की गूळ आधी, याने ‘आंबट-गोड’ ही जोडी बदलत नाही; म्हणून ही निवड. त्याच ग्रंथातील ‘अंकपाश’ या प्रकरणात चार हातांत चार वस्तू बदलून धरण्याचे प्रकार विचारले आहेत आणि उत्तर २४ आहे, ही मांडणी. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापन केल्याचा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. ज्ञानाची ती दारे आपल्या पूर्वजांसाठी उघडी नव्हती. आज तीच उदाहरणे आपल्या वसतिगृहातील मूल फळ्यावर सोडविते, याची नोंद या स्मरणिकेत असावी.

पुणे करारातील चौघांचे पॅनेल

२४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्यात पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघाचा हक्क सोडावा लागला आणि त्याच्या बदल्यात प्रांतिक विधिमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या. या जागांसाठी दोन टप्प्यांची पद्धत ठरली. पहिल्या टप्प्यात केवळ अस्पृश्य मतदारांनी प्रत्येक जागेसाठी चार उमेदवारांचे पॅनेल निवडावयाचे. दुसऱ्या टप्प्यात त्या चौघांतून एकाची निवड संयुक्त मतदारसंघाने करावयाची.

समजा, पहिल्या टप्प्यात सहा उमेदवार उभे आहेत. चौघांचे पॅनेल किती प्रकारचे होऊ शकते? घाईत विद्यार्थी ६ × ५ × ४ × ३ = ३६० असे उत्तर देतो. कसोटी लावू. पॅनेलमध्ये मतांच्या क्रमाने कोण पहिला आला आणि कोण चौथा, याला पुढील टप्प्यात काहीही अर्थ नव्हता. चौघेही समान पात्रतेने पुढे जात. अदलाबदलीने पॅनेल बदलत नाही, म्हणून ही निवड आहे. ३६० मध्ये प्रत्येक पॅनेल ४ × ३ × २ × १ = २४ वेळा मोजले गेले आहे. खरे उत्तर ३६० ÷ २४ = १५.

आता दोन्ही टप्पे एकत्र घेऊ. ‘पॅनेल आणि त्यातील विजयी उमेदवार’ अशा जोड्या किती? १५ पॅनेले, प्रत्येकात विजयी होऊ शकणारे चार; म्हणून १५ × ४ = ६०. पडताळा दुसऱ्या बाजूने घेता येतो. आधी विजयी उमेदवार सहांतून एक धरला आणि मग त्याच्याबरोबरचे तिघे उरलेल्या पाचांतून निवडले, तर ६ × १० = ६०. दोन्ही वाटांनी एकच उत्तर आले. जेथे गटातील एकाला विशेष स्थान आहे आणि बाकीच्यांना नाही, तेथे निवड व मांडणी एकत्र येतात. अशा वेळी सूत्र शोधू नये. काम टप्प्याटप्प्याने करावे आणि प्रत्येक टप्प्याला कसोटी स्वतंत्रपणे लावावी.

या गणितातच कराराची एक मर्मभेदक बाजू दिसते. आपल्या समाजाचा सर्वांत आवडता उमेदवार पॅनेलमध्ये पहिला आला, तरी त्याचे पहिलेपण दुसऱ्या टप्प्यात पुसले जाई. क्रम मोजला जात नसे. चौघांतील सर्वांत कमी पसंतीचा उमेदवारही संयुक्त मतांच्या बळावर निवडून येऊ शकत होता.

दुसरा प्रश्न : तेच पुन्हा घेता येते काय?

अदलाबदलीच्या कसोटीबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. एकदा घेतलेली वस्तू पुन्हा घेता येते काय? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळून चार प्रकार होतात. सहा उमेदवार आणि मतदाराजवळ दोन मते, हे एकच उदाहरण चारही प्रकारांत पाहू.

१. क्रम महत्त्वाचा, पुनरावृत्ती चालते : ६ × ६ = ३६.
२. क्रम महत्त्वाचा, पुनरावृत्ती चालत नाही : ६ × ५ = ३०.
३. क्रम गौण, पुनरावृत्ती चालत नाही : ३० ÷ २ = १५.
४. क्रम गौण, पुनरावृत्ती चालते : १५ + ६ = २१.

चौथ्या प्रकारात पुष्कळ जण ३६ ला २ ने भागून १८ उत्तर काढतात. ते चुकते. दोन निरनिराळ्या उमेदवारांची जोडी ३६ मध्ये दोनदा येते, पण एकाच उमेदवाराला दोन्ही मते, असे सहा प्रकार त्यात एकदाच आलेले असतात. म्हणून निरनिराळ्या जोड्या १५ आणि दुहेरी मते ६, असे वेगळे मोजून मिळवावे लागते. भागाकार तेव्हाच करावा, जेव्हा प्रत्येक गट सारख्याच वेळा मोजला गेला असेल.

पहिल्या प्रकाराचे उदाहरण आपल्या वसतिगृहातील प्रत्येक ट्रंकेवर लटकलेले असते. तीन आकड्यांच्या नंबरी कुलपात ३५३ चालतो, आणि ३५३ हा ५३३ नव्हे. म्हणून १० × १० × १० = १,००० क्रमांक. उरलेले तीन प्रकार मात्र बाबासाहेबांच्या राजकीय जीवनात क्रमाने आले.

१९३७ : सर्व मते एकाला

१९३५ च्या कायद्यानुसार १९३७ साली प्रांतिक निवडणुका झाल्या. त्याआधीच, १९३६ मध्ये, बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना केली होती. मुंबई प्रांतात ज्या मतदारसंघात एकाहून अधिक जागा होत्या, तेथे मतदाराला जागांइतकी मते मिळत आणि ती सर्व एकाच उमेदवाराला देण्याची किंवा वाटून देण्याची त्याला मुभा होती. हा आपला चौथा प्रकार होय.

समजा, जागा तीन आणि उमेदवार सहा आहेत. मतदार आपली तीन मते किती प्रकारे देऊ शकेल? तिन्ही एकाला : ६ प्रकार. दोन एकाला व एक दुसऱ्याला : ३० प्रकार. तिघांना एकेक : २० प्रकार. एकूण ५६. मधल्या पायरीकडे लक्ष द्यावे. तेथे १५ का नाही, ३० का? कारण ‘दोन मते मिळालेला’ आणि ‘एक मत मिळालेला’ यांची अदलाबदल केली तर मतदान बदलते. संपूर्ण प्रश्न निवडीचा असूनही त्याच्या पोटात मांडणीचा प्रश्न दडलेला आहे.

संख्येने अल्प असलेल्या समाजाला ही मुभा मोलाची होती. सर्व मते एका ठिकाणी केंद्रित करता येत होती. बाबासाहेब त्या निवडणुकीत मुंबईतून निवडून आले.

१९५२ : सहा प्रकार वगळले गेले

स्वातंत्र्यानंतर राखीव जागा बव्हंशी द्विसदस्य मतदारसंघांत ठेवण्यात आल्या. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. मतदाराला दोन मते होती. परंतु १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने एक अट घातली, की एका उमेदवाराला एकाहून अधिक मत देता येणार नाही. दोन्ही मते एकालाच दिली, तर एक मोजले जाईल आणि दुसरे बाद होईल. म्हणजे आपल्या सहा उमेदवारांच्या उदाहरणात २१ प्रकारांतील दुहेरी मतांचे सहा प्रकार वगळले गेले आणि १५ उरले. चौथ्या प्रकारातून आपण तिसऱ्या प्रकारात आलो.

त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असे व तीवर त्याचे चिन्ह असे. फेडरेशनचे चिन्ह हत्ती होते. जो मतदार आयुष्यात प्रथमच मत देत होता, ज्याला अक्षरओळख नव्हती, त्याने हातातील दोन मतपत्रिका दोन निरनिराळ्या पेट्यांत टाकणे आवश्यक होते. प्रेमापोटी दोन्ही पत्रिका हत्तीच्याच पेटीत टाकल्या, तर एक वाया जाई. पुनरावृत्ती चालते की नाही, हा प्रश्न त्या दिवशी गणिताच्या वहीत नव्हता. तो पडद्यामागे पेट्यांसमोर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात होता.

या निवडणुकीविरुद्ध बाबासाहेब आणि समाजवादी पक्षाचे अशोक मेहता यांनी याचिका दाखल केली. मते कुजविण्याचा प्रचार झाल्याची तक्रार तीत होती आणि ७४,३३३ मतपत्रिका बाद झाल्याचे म्हटले होते. बाबासाहेबांचा पराभव १४,५६१ मतांनी झाला होता. याचिका पुढे फेटाळली गेली. पराभवाची कारणे अनेक होती आणि ती सर्व मोजणीच्या रीतीवर ढकलणे इतिहासाला धरून होणार नाही. तथापि, बाद मतांचा आकडा पराभवाच्या अंतराच्या पाचपट होता, हे वजाबाकी आणि भागाकार येणाऱ्या कोणालाही दिसते.

द्विसदस्य पद्धतीत आणखी एक गोष्ट होती. मतदार आपली दोन मते देताना ‘हे राखीव जागेसाठी, हे सर्वसाधारण जागेसाठी’ असे सांगत नसे. मतांना जागांची नावे नव्हती. तो केवळ दोघांचा गट निवडीत असे. त्यामुळे १९५७ साली आंध्र प्रदेशातील पार्वतीपुरम मतदारसंघात दोन्ही जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवारांनी जिंकल्या आणि व्ही. व्ही. गिरी पराभूत झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९५९ मध्ये न्यायालयाने तो निकाल वैध ठरविला. पुढे १९६१ च्या कायद्याने द्विसदस्य मतदारसंघच रद्द झाले.

पसंतीक्रम : जेथे क्रमच मत असतो

आता दुसरा प्रकार. १९४६ साली संविधान सभेचे सदस्य प्रांतिक विधानसभांतून पसंतीक्रमाच्या पद्धतीने निवडले गेले. बाबासाहेब जोगेंद्रनाथ मंडल यांच्या प्रयत्नांमुळे बंगालमधून निवडून आले. फाळणीनंतर ती जागा गेली आणि १९४७ मध्ये ते मुंबईतून पुन्हा संविधान सभेत आले. राज्यसभा आणि राष्ट्रपतिपद यांच्या निवडणुकांत आजही पसंतीक्रमाचीच पद्धत आहे.

येथे ‘पहिली पसंती अ, दुसरी ब’ आणि ‘पहिली ब, दुसरी अ’ ही दोन संपूर्णपणे वेगळी मते आहेत. सहा उमेदवारांतून पहिल्या दोन पसंती ३० प्रकारे देता येतात. सहाही पसंती लिहिल्या तर ६ × ५ × ४ × ३ × २ × १ = ७२० प्रकार. पहिली पसंती आवश्यक आणि पुढील ऐच्छिक असल्याने सर्व शक्यता मोजावयाच्या तर ६ + ३० + १२० + ३६० + ७२० + ७२० = १,९५६ प्रकार होतात.

क्रमाचे सामर्थ्य १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत देशाने पाहिले. पंधरा उमेदवार होते. विजयासाठी ४,१८,१६९ मतमूल्य आवश्यक होते. पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी यांना ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८ आणि आपल्या महाराष्ट्राचे चिंतामणराव देशमुख यांना १,१२,७६९ मिळाले. आवश्यक आकडा कोणीच गाठला नाही. मागे पडलेल्या उमेदवारांच्या मतपत्रिकांवरील पुढील पसंती मोजल्या गेल्या आणि अखेरीस गिरी ४,२०,०७७ तर रेड्डी ४,०५,४२७ असा निकाल लागला. मतपत्रिकेवर केवळ नावांची निवड असती आणि क्रम नसता, तर ही मोजणी करताच आली नसती. पार्वतीपुरममध्ये निवडीच्या पद्धतीत हरलेले गिरी बारा वर्षांनी मांडणीच्या पद्धतीत राष्ट्रपती झाले.

आपले नागापूर : जेथे दोन्ही सूत्रे लागत नाहीत

प्रत्येक प्रश्नाला या दोहोंपैकी एक सूत्र लागलेच पाहिजे, असे नाही. आपल्या नागापूरचा मतदार अहिल्यानगर महापालिकेसाठी मत देतो. चार सदस्यांच्या प्रभागात जागांना अ, ब, क, ड अशी नावे असतात आणि प्रत्येक जागेचे उमेदवार वेगळे असतात. समजा, अ जागेसाठी ५, ब साठी ४, क साठी ६ आणि ड साठी ३ उमेदवार आहेत. मतदार आपली चार मते किती प्रकारे देईल?

एकूण १८ उमेदवार पाहून कोणी ‘अठरांतून चार’ ही निवड मोजील. उत्तर ३,०६० येईल. कोणी मांडणी मोजील. उत्तर ७३,४४० येईल. दोन्ही चूक. अ जागेच्या उमेदवाराला ब जागेवर नेताच येत नाही. अदलाबदलच शक्य नाही. प्रत्येक जागेचा निर्णय स्वतंत्र आहे, म्हणून सरळ गुणाकार : ५ × ४ × ६ × ३ = ३६०. ‘नोटा’ हाही पर्याय धरला तर प्रत्येक संख्येत एक मिळवून ६ × ५ × ७ × ४ = ८४०. द्विसदस्य मतदारसंघातील मतांना जागांची नावे नव्हती, येथे ती आहेत. वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन पद्धती गणिताच्या दृष्टीने किती भिन्न आहेत, हे यावरून ध्यानी येईल.

सरावासाठी

१. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यास ४० जण आले. प्रत्येक जोडीने एकदा हस्तांदोलन केले, तर एकूण हस्तांदोलने किती? प्रत्येकाने इतर प्रत्येकास एकेक पत्र लिहिले, तर पत्रे किती?

२. आठ विद्यार्थ्यांतून दोघांनी मिळून विहार झाडावयाचे आहे. किती प्रकारे नेमता येतील? एकाने झाडावयाचे व दुसऱ्याने वंदना सांगावयाची असेल, तर किती प्रकारे?

३. ट्रंकेच्या तीन आकड्यांच्या कुलपातील तिन्ही आकडे वेगळे आहेत. ते आकडे कोणते हे आठवते, पण क्रम आठवत नाही. जास्तीत जास्त किती प्रयत्न करावे लागतील? कोणतेच आकडे आठवत नसतील, तर किती?

उत्तरे : १. हस्तांदोलन दोघांचे मिळून एक असते, म्हणून ४० × ३९ ÷ २ = ७८०; पत्र कोणी कोणाला लिहिले याला अर्थ आहे, म्हणून १,५६०. २. २८ आणि ५६. ३. ६ आणि १० × ९ × ८ = ७२०.

पालकांना एक विनंती आहे. मुलाचे उत्तर चुकले, तर ‘सूत्र पाठ केले नाहीस काय’ असे विचारू नये. ‘दोघांची अदलाबदल केली तर काय बदलते?’ आणि ‘तेच पुन्हा घेता येते काय?’ हे दोनच प्रश्न विचारावेत. त्यासाठी स्वतः अकरावी शिकलेले असण्याची गरज नाही. आमच्या अनुभवाने सांगतो, की शाळेची पायरी न चढलेली आजीसुद्धा समिती आणि पदाधिकारी यांतील भेद नातवाला समजावून देऊ शकते.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातील समान मताचे मूल्य आणि सामाजिक जीवनातील विषमता यांमधील विसंगतीकडे देशाचे लक्ष वेधले होते. मताचे मूल्य संविधानाने दिले. ते मत कोणत्या रीतीने दिले जाते आणि कसे मोजले जाते, हे समजून घेणे आपल्याकडे राहिले. येत्या काही वर्षांत आपल्या शाळेतील आजचे विद्यार्थी मतदार होतील. मतदान केंद्रात शिरण्यापूर्वी, किती मते आहेत, ती एकाला देता येतात की नाही आणि क्रमाला अर्थ आहे की नाही, हे तीन प्रश्न त्यांनी स्वतःला विचारावेत, एवढ्याचसाठी हा धडा.

जयभीम. भवतु सब्ब मंगलं.